संगणकावरचे अक्षर कागदावर उतरताना

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बी. ए. होऊन तिला बरीच वर्षे झाली. तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडजवळ तिने एक लहानसा गाळा भाड्याने घेतला आहे. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, दुकानांची पावतीपुस्तके, जत्रेची पत्रके अशा कामांची मांडणी संगणकावर करून द्यायची आणि छपाई जिल्ह्याच्या गावातून करून आणायची, असा तिचा बेत. पतसंस्थेचे कर्ज मंजूर झाले होते. संगणकही ठरला होता. अडले होते ते एकाच प्रश्नावर.

"सर, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? एक जण म्हणतो हेच घ्या, दुसरा म्हणतो ते जुनं झालं. आणि तिसरा म्हणतो, विकत कशाला घेता ताई, मी तुम्हाला फुकट टाकून देतो!"

आता मी मराठीचा अध्यापक. या प्रश्नाचा अधिकारी मी नव्हे. पण महाविद्यालयाचा वार्षिक अंक बरीच वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे छापखान्याची पायरी पुष्कळदा चढलो आहे, आणि एकदा त्या पायरीवर चांगला ठेचाळलोही आहे. म्हणून तिला आधी त्या ठेचेचीच हकिगत सांगितली. तीच आज आपल्यालाही सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळ गुरुजी आणि बाई शाळेचा अंक, प्रमाणपत्रे, स्नेहसंमेलनाची पत्रिका हल्ली स्वतःच तयार करतात.

आमच्या गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. स्मरणिका काढायची ठरली. "सरांना संगणक येतो" म्हणून मुखपृष्ठ माझ्याकडे आले. मी हौसेने बसलो. शाळेच्या इमारतीचा फोटो कुणीतरी फोनवर पाठवला होता, तो घेतला. पार्श्वभूमीला झगझगीत भगवा रंग दिला. खाली आमच्या पहिल्या मुख्याध्यापकांचे नाव मोठ्या अक्षरांत घातले. पडद्यावर ते इतके सुरेख दिसत होते की, शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवले. मग ती फाईल जशीच्या तशी छापखान्यात नेऊन दिली, आणि वेळ नाही म्हणून मुद्रित न पाहताच निघून आलो.

पाचशे प्रती छापून आल्या. भगव्या रंगाची विटकर झाली होती. शाळेची इमारत धुक्यातून पाहावी तशी दिसत होती. परंतु ते सोसले असते. न सोसण्यासारखे होते ते गुरुजींचे नाव. त्यातला रफार भलत्याच जागी गेला होता आणि जोडाक्षराचे दोन तुकडे पडले होते. गुरुजी त्या वेळी ऐंशीच्या पुढे होते. व्यासपीठावर त्यांच्या हाती पहिली प्रत दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, खिशातले पेन काढले, आमच्या वह्या तपासत तसे स्वतःचे नाव दुरुस्त केले, आणि ती प्रत माझ्याकडे दिली. बोलले काही नाहीत. ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे.

छापखान्याची यात चूक नव्हती. चूक माझी होती. पडद्यावर जे दिसते तेच कागदावर येते, अशी माझी समजूत होती. सॉफ्टवेअर निवडताना ज्या तीन गोष्टी पाहायच्या असतात, त्या तिन्ही मला त्या एका मुखपृष्ठाने शिकवल्या. त्या तीन गोष्टी म्हणजे रेघ, रंग आणि अक्षर.

पहिली गोष्ट रेघेची. संगणकावर चित्र दोन प्रकारे साठवता येते. एक ठिपक्यांचे चित्र. आपल्या बायका दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात ना, तसे, पण ठिपके इतके बारीक आणि दाट की डोळ्याला सलग चित्र दिसावे. कॅमेऱ्याचा फोटो असाच असतो. दुसरे रेघांचे चित्र. यात ठिपके नसतातच. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणदार रेघ ओढ आणि आत हा रंग भर, एवढी सूचनाच साठवलेली असते. ठिपक्यांचे चित्र मोठे केले की ठिपके मोठे होतात आणि चित्र फाटते. रेघांचे चित्र बोटाएवढे करा की घराएवढे करा, कड तशीच धारदार राहते. म्हणून शाळेचे बोधचिन्ह, पत्रिकेवरचा गणपती आणि वेलबुट्टी, दुकानाची पाटी ही कामे रेघांच्या प्रोग्रॅममध्ये करावीत, आणि फोटोचे काम तेवढे ठिपक्यांच्या प्रोग्रॅममध्ये.

फोटोचा हिशेब सोपा आहे. चांगल्या छपाईला दर इंचाला सुमारे ३०० ठिपके लागतात. म्हणजे ए-फोर आकाराचे पान भरून फोटो छापायचा तर तो सुमारे २४८० ठिपके रुंद आणि ३५०८ ठिपके उंच हवा. १२०० ठिपके रुंदीचा फोटो छापण्यात चार इंचच चांगला दिसेल. त्याहून ताणाल तर आमच्या शाळेच्या इमारतीसारखी गत. आणि एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळचा राहतो. गावोगावच्या अंकांतले धूसर फोटो एवढ्या एका गोष्टीने सुधारतील.

दुसरी गोष्ट रंगाची. संगणकाचा पडदा हा दिवा आहे. तो तांबडा, हिरवा आणि निळा असा तीन रंगांचा उजेड मिसळून दाखवतो. छापखान्यात उजेड नाही, शाई आहे. तेथे आकाशी निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांच्या चार प्लेटा एकावर एक छापून सगळे रंग साधतात. उजेडाचा झगझगीत भगवा किंवा पोपटी हिरवा या चार शायांना पुरता जमत नाही. तो मळकट उतरतो. म्हणून ज्या प्रोग्रॅममध्ये रंग पहिल्यापासून या चार शायांच्या भाषेत देता येतात, तो छापकामाला बरा. त्यात आणखी एक बारकावा आहे. बारीक मजकूर नेहमी एकट्या काळ्या शाईत ठेवावा. तो चारही शायांत गेला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तर अक्षरांना रंगीत सावली पडते आणि वेलांट्या, मात्रा, अनुस्वार वाचवत नाहीत.

तिसरी गोष्ट अक्षराची, आणि आपल्या दृष्टीने हीच मुख्य.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उमटवत. पुढे खिळ्यांची छपाई वाढली. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक देवनागरी खिळे घडवले. माझ्या लहानपणी तालुक्याच्या गावी पायाने चालवायचे एक यंत्र होते आणि तेथला जुळारी लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. त्याच्यापुढे खण पुष्कळ असत, कारण देवनागरीला नुसती अक्षरे पुरत नाहीत. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांचा सगळा संसार मांडावा लागतो. ते सारे कुठे बसवायचे, हे त्याच्या बोटांना माहीत होते.

संगणकाच्या बोटांना ते शिकवावे लागते. 'शिक्षक' हाच शब्द घ्या. संगणकाच्या पोटात श, मग पहिली वेलांटी, मग क, हलन्त, ष आणि क अशा क्रमाने तो ठेवलेला असतो. वेलांटी उचलून श च्या अलीकडे आणणे आणि क व ष यांचा क्ष करणे हे काम प्रोग्रॅमने करायचे असते. ज्या प्रोग्रॅमला ते येत नाही, तो वेलांटी क च्या डोक्यावर ठेवतो आणि क ला लंगडा करून ष शेजारी बसवतो. गुरुजींच्या नावाचे असेच झाले होते. माझ्या संगणकावरचा प्रोग्रॅम नवा होता आणि फाँट माझा होता. छापखान्यातला प्रोग्रॅम जुना होता आणि तो फाँट तेथे नव्हता.

फाँटांचीही दोन घराणी आहेत. जुन्या पद्धतीच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी खिळे बसवलेले असतात. तो फाँट संगणकात असेल तर मराठी दिसते, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. युनिकोड ही दुसरी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. आपला 'ॲ' सुद्धा तिच्यात २००८ साली स्वतंत्रपणे आला. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर फोनवर वाचता येतो, शोधता येतो, दहा वर्षांनी दुसऱ्या अंकासाठी पुन्हा घेता येतो. मुक्त, नोटो, यशोमुद्रा असे चांगले युनिकोड फाँट विनामूल्य मिळतात. शाळेने नवे काम युनिकोडमध्येच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता या तीन कसोट्यांवर प्रोग्रॅम घासून पाहू.

आपल्याकडच्या छापखान्यांत सर्वांत ओळखीचे नाव म्हणजे कोरलड्रॉ. कॅनडातल्या कंपनीने ते १९८९ साली काढले. ते रेघांचे आहे, त्यात शायांचे रंग आहेत आणि पत्रिका व पाट्यांच्या कामाला ते सुटसुटीत आहे. सगळ्यांत मोठी सोय ही की, आपली फाईल छापखानदार उघडून जागच्या जागी दुरुस्त करू शकतो. पण नव्या आवृत्तीची फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ती खालच्या आवृत्तीत साठवून न्यावी लागते. आणि जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी नीट बसत नाही. म्हणूनच कित्येक छापखाने अजून जुन्या फाँटांना धरून आहेत.

दुसरे घराणे अडोबीचे. रेघांसाठी इलस्ट्रेटर, फोटोसाठी फोटोशॉप, आणि पुष्कळ पानांच्या पुस्तकासाठी इनडिझाइन. काम अव्वल दर्जाचे. मात्र ते भाड्याने मिळते. भाडे थांबले की प्रोग्रॅम थांबला. मराठीसाठी त्यांच्यात भारतीय लिप्यांची ओळ जुळवणारी एक वेगळी सोय आहे. ती आधी चालू करावी लागते, नाहीतर तेथेही अक्षरे तुटतात. पूर्वी घरोघर असलेल्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. ज्यांचे जुने अंक त्यात अडकले आहेत त्यांनी ते लवकर बाहेर काढावेत. नवे काम मात्र त्यात सुरू करू नये.

तिसरे घराणे मुक्त सॉफ्टवेअरचे. रेघांसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस. हे फुकट आहे, आणि नियमाने फुकट आहे. शाळेच्या सगळ्या संगणकांवर घाला, मुलांना घरी न्यायला द्या, कुणाची चोरी नाही. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी सुरेख बसते, पण त्याचा स्वभाव पडद्याच्या रंगांचा आहे. स्क्रायबसला शायांचे चार रंग येतात आणि छपाईसाठी लागणारी पीडीएफ काढता येते. मराठी जोडाक्षरे मात्र त्याच्या १.४ या जुन्या आवृत्तीत जमत नसत. २०२४ साली आलेल्या १.६ आवृत्तीत ती सोय आहे. तेव्हा चित्र इंकस्केपमध्ये काढावे, मजकूर स्क्रायबसमध्ये लावावा आणि फाईल तेथूनच द्यावी.

फोनवर काम करणारे पुष्कळ जण कॅन्व्हा वापरतात. ऑस्ट्रेलियात २०१३ साली सुरू झालेली ही सेवा घाईच्या कामाला उपयोगी आहे. पण तिला इंटरनेट लागते. आणि तिच्यातून छापखान्याला काही द्यायचे तर साधे चित्र न काढता छपाईची पीडीएफ काढावी, कापायच्या खुणांसह.

हे सगळे ऐकून ती मुलगी म्हणाली, "सर, मग एक नाव सांगा ना!"

मी म्हटले, "अगं, नाव मी सांगायचं नाही. तुझा छापखाना सांगेल. आधी तिथं जा."

श्रोतेहो, माझ्या सांगण्याचे सार हेच आहे. आपण चप्पल घेताना पाय बरोबर नेतो. सॉफ्टवेअर घेताना मात्र छापखान्याला विचारतही नाही. काम ज्या यंत्रावर शेवटी उतरणार, तेथून निवडीला सुरुवात करावी. छापखान्यात जाऊन चार प्रश्न विचारावेत. तुम्ही कुठली फाईल घेता, उघडी की पीडीएफ? तुमच्या प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती? कागद कापताना कडेला किती जागा सोडू? ही जागा बहुधा ३ मिलिमीटर सांगतात. आणि फाँट फाईलमध्ये बांधून देऊ, की अक्षरांच्या रेघा करून देऊ? छापखान्याच्या बोलीत याला 'कर्व्ह करणे' म्हणतात. कर्व्ह केले की अक्षर म्हणजे रेघांचे चित्र होते, मग फाँट नसला तरी ते तुटत नाही. पण त्यात पुढे एक कानाही सुधारता येत नाही. म्हणून कर्व्ह केलेली प्रत छापखान्याला द्यावी आणि न केलेली आपल्याजवळ जपून ठेवावी. अर्धा शिळाछाप, अर्धा खिळा, असा हा व्यवहार आहे.

मग परीक्षा घ्यावी. जो प्रोग्रॅम घ्यायचा विचार असेल, त्यात पुढील ओळ टाइप करावी: "दुसऱ्या वर्षाच्या वाङ्मय मंडळाचे उद्घाटन ॲड. शिर्के यांच्या हस्ते ऑक्टोबरमध्ये." गुरुजनहो, ही ओळ फळ्यावर लिहून ठेवा. 'दुसऱ्या'तला डोळ्याच्या पापणीसारखा र, 'वाङ्मय', 'उद्घाटन', 'ॲ', 'शिर्के'तली वेलांटी आणि रफार ही सगळी अवघड मंडळी तीत एकत्र आली आहेत. त्या ओळीची पीडीएफ काढा, दुसऱ्याच्या संगणकावर उघडा, छापखान्यात एक पान छापून घ्या, आणि बोट ठेवून वाचा. या परीक्षेत जो उतरला तो प्रोग्रॅम तुमचा, मग त्याचे नाव काही का असेना.

राहिला तो फुकट टाकून देणारा तिसरा गृहस्थ. त्याच्याबद्दल मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमलाही लागू आहे आणि जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणे हा गुन्हा आहे. ही झाली कायद्याची गोष्ट. दुसरी व्यवहाराची. असल्या प्रतीबरोबर काय काय घरात शिरते ते कळत नाही, आणि ऐन लग्नसराईत संगणक बसला तर गिऱ्हाईक मुहूर्त पुढे ढकलणार नाही. विकतचे परवडत नसेल तर मुक्त सॉफ्टवेअर आहे. हक्काची भाकरी असताना चोरीची पोळी कशाला?

ती जिल्ह्याच्या गावी जाऊन दोन छापखाने पाहून आली. एकाने सांगितले, पीडीएफ नीट असेल तर ती कशात केली हे आम्ही विचारत नाही. दुसरा म्हणाला, आम्हाला कोरलचीच फाईल हवी. तिने सहा महिने मुक्त सॉफ्टवेअरवर पहिल्या छापखान्याचे काम करायचे आणि कमाई झाली की कोरलचा परवाना रीतसर घ्यायचा, असे ठरवले. कर्जाचा तेवढा भाग वाचला. त्या पैशांतून तिने एक प्रिंटर घेतला, कारण मुद्रित कागदावर तपासल्याशिवाय काम सोडायचे नाही, असा तिने नियम केला आहे. नाव ज्याचे असेल त्याच्याकडून ते वाचून घेऊन त्याची सही घेते. लग्नपत्रिकेवर वधूच्या आजोबांचे नाव असते, शाळेच्या अंकात देणगीदाराचे असते. एखाद्याचे नाव आयुष्यात एकदाच छापले जाते. ते तरी नीट छापले जावे.

परवा तिच्या गाळ्यात गेलो होतो. आमच्या शाळेच्या नव्या अंकाचे मुद्रित तिने माझ्यापुढे ठेवले. पहिल्याच पानावर गुरुजींचे नाव होते. मी बोट ठेवून वाचले. रफार आपल्या जागी होता. मी खाली सही केली.